आधी नोंद, मग छपाई

सप्टेंबर 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलची 0.01 ही पहिली आवृत्ती बाहेर आणली, तेव्हा तिच्यात प्रिंट-के नावाचे एक लहानसे फंक्शन होते. त्यात होता 1024 अक्षरांचा एक बफर, मजकुरात आकडे आणि शब्द भरून देण्यासाठी लार्स विर्झेनियस यांनी लिहिलेल्या कोडला एक हाक, असेम्ब्लीच्या मोजक्या सूचना आणि शेवटी टर्मिनलवर लिहिणाऱ्या फंक्शनला हाक. ते टर्मिनलचे फंक्शन मजकूर उचलायचे वापरकर्त्याच्या मेमरीतून, आणि कर्नलचा मजकूर तर कर्नलच्याच मेमरीत. म्हणून तेवढ्यापुरते एक सेगमेंट रजिस्टर बदलायचे आणि काम झाले की पूर्ववत करायचे. हा सगळा कोड एका पडद्यावर मावत असे.

आज त्याच फंक्शनसाठी कर्नलमध्ये स्वतंत्र डिरेक्टरी आहे. तिथली मुख्य फाइल चार हजारांहून अधिक ओळींची आहे. संदेश साठवणाऱ्या रिंग बफरची फाइल वेगळी आणि कन्सोलच्या मालकीचे नियम सांभाळणारी आणखी वेगळी. एक ओळ छापायला एवढा पसारा कशासाठी, हा प्रश्न नवख्या वाचकाला पडतोच, आणि तो रास्त आहे. गेल्या काही वर्षांत हा पसारा सोपा करण्याचे मोठे काम झाले. ते काम समजावून सांगणे हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तकाचा गाभा मी सुरुवातीलाच मांडतो. संदेशाची नोंद करणे आणि तो संदेश कुठेतरी छापणे ही दोन निराळी कामे आहेत. ती दोन्ही एकाच फंक्शनच्या गळ्यात, एकाच क्षणी बांधली गेली आणि सगळी गुंतागुंत त्यातून वाढली. ही कामे वेगळी केल्यावरच कोड सोपा होऊ लागला. ती वेगळी करण्यासाठी मात्र मध्यभागी अतिशय अवघड कोड लिहावा लागला. सोपे करणे म्हणजे ओळी कमी करणे, एवढाच अर्थ डोक्यात ठेवून हा इतिहास वाचला तर तो उलटा वाटेल.

कर्नलला स्वतःची नोंद स्वतः का ठेवावी लागते, ते आधी पाहू. साधा प्रोग्राम चुकला तर कर्नल त्याला बंद करतो, आणि काय घडले ते सांगायला कर्नल मागे उरतो. कर्नलच चुकला तर मागे कोणी उरत नाही. जे काही सांगायचे ते त्याला जाता जाता स्वतःच सांगावे लागते. शिवाय ज्या परिस्थितीत सांगायचे ती फार अडचणीची असते. मशीन नुकतेच सुरू झाले आहे, मेमरीची व्यवस्था अजून उभी राहिलेली नाही. डिस्कपर्यंत पोहोचता येत नाही, कारण तक्रार डिस्कच्याच ड्रायव्हरची आहे. एखादा सीपीयू इंटरप्ट हाताळतो आहे आणि तिथे थांबायला, वाट पाहायला परवानगी नाही. कधी तर कोणालाच थोपवता न येणारा इंटरप्ट, म्हणजे एनएमआय, हातात लॉक असलेल्या कोडला मध्येच तोडून आत घुसलेला असतो. अशा प्रत्येक ठिकाणाहून प्रिंट-केला हाक मारता आली पाहिजे, हे वचन लिनक्सने पहिल्यापासून पाळायचे ठरवले. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला या वचनाचा केवढा आधार वाटतो हे ज्याने तो लिहिला आहे त्यालाच कळेल. आणि हे वचन पाळणे किती कठीण होते, ते हे पुस्तक दाखवते.

या परंपरेचे मूळ लिनक्सच्या आधीचे आहे. 1975 च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये, ज्यावर सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी आपले प्रसिद्ध भाष्य लिहिले, कर्नलचे छपाईचे फंक्शन अगदी आखूड होते. मजकूर, दशमान आणि अष्टमान आकडे एवढेच त्याला कळत. अक्षर कन्सोलकडे टाकायचे, ते गेले की नाही हे पाहत थांबायचे, मग पुढचे अक्षर. तोवर बाकीचे यंत्र जवळजवळ थांबलेलेच. त्या फंक्शनच्या वर लिहिलेल्या टिप्पणीत हे स्पष्ट सांगितले होते आणि गप्पांसाठी ते वापरू नका अशी ताकीदही दिली होती. म्हणजे पुढच्या अर्धशतकाचा मुख्य प्रश्न त्या टिप्पणीतच नोंदवलेला होता.

पुढे युनिक्समध्ये या फंक्शनच्या जोडीला कर्नलच्या मेमरीत एक संदेश-बफर आला आणि तो वाचायला डीमेसेज हा आदेश आला. छापलेले वाहून जायचे, आता ते मागाहून वाचता येऊ लागले. बर्कले विद्यापीठात 1980 च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेलच्या कामातून सिसलॉग घडवले आणि संदेशांना आठ पातळ्यांची उतरंड मिळाली. शून्य म्हणजे यंत्र निकामी, सात म्हणजे फक्त तपासणीसाठी. लिनक्सने तीच उतरंड उचलली. प्रत्येक संदेशाच्या आरंभी कोनी कंसात पातळीचा आकडा घालायचा, अशी पद्धत कित्येक वर्षे चालली. 2012 मध्ये जो पर्चेस यांनी तो कंस काढून त्या जागी एकच नियंत्रण-अक्षर आणले. बदल बारीक होता, पण हजारो संदेशांतले एकेक अक्षर वाचले आणि पातळी ओळखणारा कोडही स्वच्छ झाला.

ही झाली एक परंपरा. तिला मी मजकुराची परंपरा म्हणतो, कारण संदेश म्हणजे माणसाने वाचायची ओळ, हे तिचे गृहीतक आहे. दुसरी परंपरा तिच्याहून जुनी आहे. 1964 मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टीम 360 साठीच्या ओएस/360 मध्ये प्रत्येक संदेशाला संकेतांक असे. कोणत्या घटकाकडून आला ते सांगणारी अक्षरे, मग क्रमांक, आणि शेवटी एक अक्षर, जे वाचून ऑपरेटरला कळे की काही करायचे आहे की नुसते वाचून सोडायचे आहे. संकेतांक घेऊन जाडजूड पुस्तिका उघडायची. कारण काय आणि उपाय काय, दोन्ही तिथे लिहिलेले. विंडोज एनटीच्या इव्हेंट लॉगमध्येही हाच विचार दिसतो. नोंदीत क्रमांक आणि तपशील साठवायचे, वाक्य वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे, म्हणजे वाचणाऱ्याच्या भाषेत ते दाखवता येते. अॅपलने 2016 मध्ये मॅकओएस सिएरामध्ये आणलेली एकत्रित लॉग-व्यवस्था त्याच वाटेने आणखी पुढे गेली. तिथे नोंद करताना वाक्य तयारच होत नाही. कोणता साचा आणि त्यात भरायची मूल्ये कोणती, एवढेच साठवले जाते. वाक्य बनते वाचताना.

तिसरी परंपरा म्हणते की कायमचे संदेश लिहूच नका. कोडमध्ये टेहळणीच्या जागा ठेवा आणि गरज पडेल तेव्हा त्या जाग्या करा. सोलारिसचे डीट्रेस हा तिचा सर्वांत डौलदार नमुना. लिनक्समध्ये 2008 साली आलेले एफट्रेस, ज्याचे मुख्य शिल्पकार स्टीव्हन रोस्टेड, हे याच घराण्यातले. 2009 मध्ये जेसन बॅरन यांनी आणलेल्या डायनॅमिक डीबगने मजकुराच्या परंपरेत याचा थोडा अंश मिसळला. तपासणीचे संदेश कोडमध्येच राहतात, पण चालत्या यंत्रात ते हवे तिथे चालू आणि बंद करता येतात.

तिन्हींची तुलना करताना आधुनिकतेच्या नावाखाली मजकुराला कमी लेखण्याची सवय जडली आहे. मला ती चुकीची वाटते. साचा आणि मूल्ये वेगळी साठवण्याची पद्धत वेगवान आणि आटोपशीर आहे हे खरे, पण त्या नोंदीला अर्थ येण्यासाठी वाचणारे साधन शाबूत असावे लागते. लिनक्सच्या संदेशात अनेकदा पॉइंटरमागची माहिती छापायची असते, आणि क्षणभराने ती माहिती मेमरीतून गेलेली असू शकते, म्हणून वाक्य तिथल्या तिथे बनवावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र कोसळत असताना सिरियल केबलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला पुस्तिका किंवा खास वाचक लागू नये. तीन तारांवरून आलेली ओळ त्याला जशीच्या तशी वाचता आली पाहिजे. लिनक्सने मजकूर सोडला नाही, ते योग्यच झाले.

आता गुंतागुंत कशी साठत गेली ते पाहू. इथे थोडे रेंगाळावे लागेल. 115200 बॉडच्या सिरियल पोर्टवर प्रत्येक अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 11520 अक्षरे. 80 अक्षरांच्या एका ओळीला सुमारे 7 मिलिसेकंद. 9600 बॉडला तीच ओळ 83 मिलिसेकंद घेते. सेकंदाला अब्जावधी सूचना पार पाडणाऱ्या सीपीयूसाठी हा काळ अतिप्रचंड आहे. प्रिंट-केची जुनी रचना अशी होती की, बफरचे लॉक घ्या, मजकूर बफरमध्ये टाका, मग कन्सोलचे लॉक मिळते का पाहा. मिळाले तर बफरमध्ये साठलेले सगळे छापा. मिळाले नाही तर काळजी नको, ज्याच्याकडे ते आहे तो तुमचाही संदेश छापेल. गावच्या नोंदवहीत नोंद करणाऱ्यालाच दवंडीही पिटायला लावावी, आणि तो निघाल्यावर मागून येणारा प्रत्येक जण आपलीही दवंडी त्याच्याच गळ्यात घालत राहावा, तसे हे होते. एका सीपीयूने एकच ओळ लिहायला हाक मारली आणि बाकीच्या साठ सीपीयूंचे संदेश छापत तो अडकून पडला, असे खरोखर घडे. वीस सेकंद एखादा सीपीयू सुटला नाही की वॉचडॉग सॉफ्ट लॉकअपची तक्रार करतो, आणि ती तक्रारही प्रिंट-केमधूनच जाते. म्हणजे छपाईचा ढीग आणखी वाढतो.

यावर एकामागून एक उपाय होत गेले. वारंवार येणाऱ्या संदेशांवर मर्यादा आली: साधारण पाच सेकंदांत दहा. शेड्यूलरच्या लॉकमधून हाक मारणाऱ्यांसाठी छपाई पुढे ढकलणारे वेगळे फंक्शन आले. एनएमआयमधून हाक आली आणि बफरचे लॉक त्याच सीपीयूकडे असेल तर कायमचा डेडलॉक. तो टाळण्यासाठी पेत्र म्लादेक आणि सर्गेई सेनोझात्स्की यांनी 2016 आणि 2017 मध्ये प्रत्येक सीपीयूला एकेक छोटा आडबफर दिला. अडचणीच्या वेळी संदेश तिथे टाकायचा, सवडीने मुख्य बफरमध्ये न्यायचा. 2018 मध्ये रोस्टेड यांच्या कल्पनेतून कन्सोलची मालकी वाट पाहणाऱ्या दुसऱ्या सीपीयूकडे सोपवण्याची युक्ती आली. पॅनिकच्या, म्हणजे कर्नलच कोसळण्याच्या, वेळी तर अडलेली लॉक सरळ नव्याने मांडून पुढे जाण्याचा धाडसी कोडही होता. यातला प्रत्येक उपाय शहाण्या माणसांनी, खऱ्या बिघाडाला उत्तर म्हणून केला होता, आणि प्रत्येकाने त्या वेळी यंत्रे वाचवली. पण एकत्र आल्यावर त्यांनी असा कोड तयार केला की, कोणत्या परिस्थितीत संदेश कुठल्या वाटेने जाईल, हे सांगायला आठ-दहा जणांखेरीज कोणी धजेना.

मध्यंतरी 2012 मध्ये काय सीव्हर्स यांनी बफरचे अंतरंग बदलले होते. अक्षरांच्या सलग ओघाऐवजी नोंदी आल्या. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक, वेळ, पातळी, हवे तर उपकरणाचे नाव. त्या वाचायला नवी वाटही मिळाली, आणि सिस्टमडीचे जर्नल कर्नलचे संदेश तिच्यावरून वाचू लागले. ही सुधारणा मोलाची होती, पण तिने एक जुनी सवय उघडी पाडली. एक ओळ तुकड्यातुकड्याने छापायची, शेवटी ओळ तोडायची, ही पद्धत अनेक ड्रायव्हरांत होती. दोन सीपीयू एकाच वेळी तुकडे टाकू लागले की वाक्ये एकमेकांत मिसळत. हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. 2016 च्या 4.9 आवृत्तीत टोरवाल्ड्स यांनी नियम कडक केला. आधीच्या ओळीला जोडायचे असेल तर तसे स्पष्ट लिहा, नाहीतर ती नवी ओळ धरली जाईल.

खरा पालट फेब्रुवारी 2019 पासून सुरू झाला. जॉन ऑग्नेस यांनी प्रिंट-केची नवी मांडणी चर्चेसाठी ठेवली, आणि त्याच वर्षी लिस्बनला कर्नल विकसकांची बैठक भरली तेव्हा तिची दिशा मान्य झाली. पहिला टप्पा होता लॉक न लागणारा रिंग बफर. डिसेंबर 2020 च्या 5.10 आवृत्तीत तो आला. लिहिणारा जागा राखून ठेवतो, मजकूर भरतो, मग नोंद पक्की करतो. या तिन्ही पायऱ्यांत लॉक नाही. सीपीयूच्या अणुवत सूचनांवर सगळे चालते. एनएमआय मध्येच आला तरी तो आपली वेगळी जागा राखतो आणि पुढे जातो. जागा संपली की सर्वांत जुनी नोंद जाते, आणि वाचणाऱ्याला अनुक्रमांकावरून कळते की मधले काही निसटले. ऐकायला सोपे, लिहायला अत्यंत कठीण. निरनिराळ्या प्रोसेसरांवर मेमरीतले बदल निरनिराळ्या क्रमाने दिसू शकतात, त्यामुळे कोणत्या जागी कोणता अडसर (मेमरी बॅरियर) हवा हे सिद्ध करावे लागते. त्या फाइलमध्ये प्रत्येक अडसराला नाव आहे आणि त्याचा जोडीदार कोणता ते शेजारीच लिहिले आहे. टिप्पण्यांचा भाग एवढा मोठा आहे की ती फाइल एखाद्या निबंधासारखी वाचता येते. मी कर्नलमधला कुठला एकच कोड वाचायला सांगायचा ठरवला तर हाच सांगेन.

या एका अवघड गाभ्यामुळे भोवतालचे किती काय गळून पडले! बफरचे लॉक गेले. ते गेल्यावर ते अडेल या भीतीपोटी आणलेले प्रत्येक सीपीयूचे आडबफर 2021 मध्ये 5.15 आवृत्तीत काढून टाकले गेले. त्यांना सवडीने रिकामे करणारी यंत्रणा गेली. नोंद करणे आता कुठूनही, बिनधास्त होऊ लागले. हाच तो सोपेपणा, ज्याची या पुस्तकात तपशिलाने उकल केली आहे.

छपाईची बाजू मात्र इतक्या सहज सुटली नाही. छपाई वेगळ्या थ्रेडकडे सोपवायचे पहिले काम 2022 मध्ये 5.19 च्या चाचणी-आवृत्त्यांत आले आणि अंतिम आवृत्तीच्या आधीच मागे घ्यावे लागले. हे अपयश मला या सगळ्या कथेतला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो. कन्सोलचे लॉक फक्त छपाईचा क्रम राखते असे गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात ते निरनिराळ्या ड्रायव्हरांना एकमेकांपासूनही दूर ठेवत होते. विशेषतः सुरुवातीच्या काळातला तात्पुरता कन्सोल आणि त्याच हार्डवेअरवर नंतर उभा राहणारा कायमचा कन्सोल. हे काम ते लॉक करते असे कुठेही लिहिलेले नव्हते. लॉक सैल केल्यावर ते दिसले. जुना कोड सोपा करायला निघालेल्या प्रत्येकाने हा प्रसंग बारकाईने वाचावा, म्हणून पुस्तकात त्याला भरपूर जागा दिली आहे.

त्यानंतरची मांडणी अधिक सावध आहे. प्रत्येक कन्सोलला स्वतंत्र मालकी, आणि मालकीला प्राधान्याच्या पायऱ्या: नेहमीची, आणीबाणीची, पॅनिकची. वरच्या पायरीचा सीपीयू खालच्याकडून कन्सोल घेऊ शकतो. ड्रायव्हर मात्र आपल्या कोडचे नाजूक भाग आधीच जाहीर करतो, म्हणजे हिसकावून घेण्याची पाळी शक्यतो तिथे येऊ नये. नेहमीच्या वेळी थ्रेड निवांत छापतो. पॅनिकच्या वेळी कोसळणारा सीपीयू स्वतः, तिथल्या तिथे छापतो. म्हणजे छपाई वेगळी काढली, पण अखेरचा संदेश सवडीवर सोडला नाही. सोपे करताना तो शेवटचा संदेश हरवणार असेल तर ते सोपे करणे नव्हे, या मुद्द्यावर संबंधित सगळे ठाम राहिले, आणि त्यामुळेच या कामाला इतकी वर्षे लागली.

नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 आवृत्तीत ही थ्रेडची छपाई आणि रिअल-टाइम लिनक्सचा पर्याय एकदमच मुख्य कर्नलमध्ये आले. हा योगायोग नव्हता. रिअल-टाइमचे काम सुमारे वीस वर्षे मुख्य कर्नलच्या बाहेर, पॅचच्या रूपात चालू होते. ठरलेल्या मायक्रोसेकंदांत प्रतिसाद द्यायचा तर एका ओळीच्या छपाईसाठी सात मिलिसेकंद अडून चालत नाही. शेवटच्या मोठ्या अडथळ्यांपैकी एक म्हणजे प्रिंट-केच होते. यंत्रमाग, रोबो, वाहनांतली नियंत्रणे यांच्यासाठी लिनक्स वापरणाऱ्यांना, आणि अशा कामात पुण्या-पिंपरीच्या पट्ट्यात कितीतरी मराठी इंजिनिअर आहेत, हा बदल थेट भिडतो.

सोपे करण्याची दुसरी बाजू हाक मारणाऱ्यांच्या अंगणातली आहे. तिचा गाजावाजा होत नाही, पण ओळी खऱ्या अर्थाने तिथेच कमी होतात. मेमरी मिळाली नाही असा संदेश शेकडो ड्रायव्हर लिहीत. मेमरी वाटणारा कोड ती तक्रार स्वतःच, अधिक तपशिलाने नोंदवतो, म्हणून ड्रायव्हरांतले संदेश उडवले जात आहेत. दुसरे उदाहरण 2020 च्या 5.9 आवृत्तीतले. एखाद्या ड्रायव्हरला लागणारे दुसरे उपकरण अजून तयार नसेल तर तो ‘नंतर पुन्हा प्रयत्न करा’ असा संकेत परत देतो. ती चूक नव्हे, तेव्हा चुकीचा संदेश छापू नये. यासाठी प्रत्येक ड्रायव्हर तीच अट, तोच संदेश आणि तेच परत जाणे असे लिहीत बसे. डेव्ह-एरर-प्रोब या एका फंक्शनने हे तिन्ही एका ओळीत आणले, आणि त्यानंतर असंख्य ड्रायव्हर आखूड झाले. कर्नलच्या कामात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला हे पॅच सोयीचे: ते लहान असतात, समजतात आणि तपासताही येतात.

आज या विषयाकडे वळण्याची आणखी कारणे आहेत. संदेश आता माणसाआधी प्रोग्राम वाचतात. हजारो सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपन्या विशिष्ट वाक्य दिसले की इशारा देणारी यंत्रणा लावतात. कर्नलमधल्या कोणीतरी वाक्यातला एक शब्द बदलला की ती यंत्रणा मुकी होते, आणि कोणाला कळतही नाही. तेव्हा फेसबुकमध्ये काम करणाऱ्या ख्रिस डाउन यांनी 5.15 मध्ये आणलेली संदेशसूची त्यासाठीच आहे. कर्नलमधले सगळे साचे, कुठल्या फाइलमध्ये आहेत त्यासह, एका जागी मिळतात. सुरक्षेचा भाग निराळाच. संदेशांतून कर्नलच्या मेमरीचे पत्ते फुटत आणि हल्लेखोरांना वाट सापडे, म्हणून जानेवारी 2018 च्या 4.15 पासून साधा पॉइंटर छापला तर खऱ्या पत्त्याऐवजी त्याचे गुप्त रूप उमटते. रस्ट भाषेचा आधार कर्नलमध्ये 6.1 आवृत्तीत आला, तेव्हा त्याबरोबर आलेल्या अगदी पहिल्या सोयींपैकी एक संदेश छापण्याचीच होती. आणि वाचकाच्या खिशातला अँड्रॉइड फोनही हाच कर्नल चालवतो.

आता या पुस्तकाविषयी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे पहिले कर्नल-मॉड्यूल बहुधा प्रिंट-केच्या एका ओळीचे असते. ती ओळ दिसली की तो पुढच्या, अधिक वजनदार वाटणाऱ्या विषयांकडे जातो. लेखकांनी त्याला तिथेच थांबवले आहे. लॉक, इंटरप्ट, मेमरीतला क्रम, अनेक सीपीयूंचे परस्परसंबंध हे ऑपरेटिंग सिस्टीमचे बहुतेक मूलभूत प्रश्न त्या एका ओळीच्या मागे उभे आहेत, आणि ते शिकायला यापेक्षा हाताशी असलेले उदाहरण मिळणे अवघड. तुलनेसाठी एमआयटीच्या एक्सव्ही-6 या शिकवणीच्या कर्नलचे छपाईचे फंक्शन वापरले आहे. आयआयटी मुंबईसह अनेक ठिकाणी तो अभ्यासक्रमात आहे. एक लॉक, आणि पॅनिक झाला की ते लॉक घेणेच बंद, इतका त्याचा साधेपणा आहे. तिथून निघून लिनक्सला तेवढे का पुरत नाही, या प्रश्नाचा माग पुस्तक काढत जाते.

पुस्तकाची मर्यादाही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लॉग साठवणे, शोधणे, दूर पाठवणे या वापरकर्त्याच्या बाजूच्या व्यवस्था इथे नाहीत. विंडोज आणि मॅकओएस तुलनेपुरते येतात. सी भाषा येते असे गृहीत धरले आहे. फंक्शनांची आणि फाइलींची नावे कर्नलमध्ये आहेत तशीच ठेवली आहेत, कारण ती भाषांतरित केली तर वाचकाला कोडमध्ये सापडणार नाहीत. समजावणी मात्र पूर्ण मराठीत आहे. या दर्जाचा विषय मराठीत मांडताना अनेकदा प्रत्येक वाक्यात इंग्रजी शब्दांची रास लागते. लेखकांनी जिथे रुळलेला शब्द आहे तिथे तो घेतला, जिथे नाही तिथे साध्या वाक्यात अर्थ सांगितला, आणि नवे जडजंबाल शब्द घडवायचा मोह टाळला. मला तो निर्णय पटतो.

वाचकांना माझी विनंती आहे की हे पुस्तक नुसते वाचू नका. 5.9 आणि 6.12 या दोन आवृत्त्यांचा सोर्स उतरवून घ्या, एका व्हर्च्युअल मशीनला सिरियल कन्सोल जोडा, आणि लेखकांनी सांगितलेले बिघाड मुद्दाम घडवून दोन्हींत काय छापले जाते ते शेजारी-शेजारी ठेवून पाहा. ज्यांना त्यापुढे जाऊन हात लावावासा वाटेल त्यांच्यासाठी काम शिल्लक आहे: जुन्या पद्धतीचे कन्सोल ड्रायव्हर नव्या मांडणीत एकेक करून आणायचे आहेत, आणि त्यांतले बरेच अजून बाकी आहेत.